मातृरोप कुणाचं?

गेल्या पावसाळ्यात, मृग नुकताच लागला होता तेव्हा, नाणे मावळातल्या एका ठाकरवाडीवर बचत गटाच्या बैठकीला गेले होते. कामशेतहून आत जायचं आणि रस्ता संपतो तिथून पुढे पायी. बैठकीपुढे विषय एकच होता, एक दोन पानी छापील कागद. पुण्याकडच्या एका कंपनीची माणसं आदल्या आठवड्यात येऊन तो ठेवून गेली होती. मजकूर साधारण असा : गटाच्या बायकांनी आसपासच्या डोंगरांतून सफेद मुसळीचे निरोगी कंद आणून द्यावेत. कंपनी टिश्यू कल्चरनं त्यांची हजारो रोपं करील. ती रोपं गटानं ठरल्या दरानं विकत घ्यावीत, लावावीत, आणि तयार झालेली मुळी 'बाजारभावाप्रमाणे' कंपनीलाच द्यावी. खाली अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीसाठी दोन रेघा.

गटाची सचिव दहावीपर्यंत शिकलेली आहे. तिनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ताई, आमच्याच डोंगरातलं आमीच द्यायचं, आन आमीच इकत घ्यायचं?"

मला बोलावण्याचं कारण असं की वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर तीन वर्षं मी एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. चळवळीत आले ती त्यानंतर, आणि खरं तर त्यामुळेच. त्याविषयी पुढे सांगते.

कागदासोबत एक रंगीत चित्र होतं. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र मुळ्या, काचेच्या बशीत मांडलेल्या. ते बायकांच्या हातांतून फिरलं, पण कुणी काही बोललं नाही. मग मी माझ्याकडच्या पुस्तकात त्याच झाडाची पानं दाखवली, तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी बाई एकदम हसली. "ही तर फोडशी!" त्या दिवशी दुपारच्या जेवणात तीच भाजी होती, कांदा आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेली. पहिल्या पावसात गवतासारखी वर येते, आठ-पंधरा दिवस कोवळी असते, तेवढ्यात खुडायची. काही वाटे घरी, काही कामशेतच्या आणि लोणावळ्याच्या बाजारात. म्हातारीनं आणखी एक गोष्ट सांगितली. "पानं खुडायची. मुळी नाय उपटायची. मुळी काढली तर फुडच्या साली काय खायचं?"

क्लोरोफायटम या प्रजातीतल्या दोन-तीन जातींना आपल्याकडे सरसकट फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणतात. त्यांतली एक म्हणजे औषधी बाजारातली सफेद मुसळी, क्लोरोफायटम बोरिविलियानम. बोरिवलीच्या जंगलावरून हे नाव फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली दिलं. हे सांतापाव म्हणजे ज्यांनी त्याआधी दोन वर्षं खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेच. मावळाच्या घाटमाथ्याची ती पहिली सविस्तर शास्त्रीय यादी. एकाच झाडाची ही दोन आयुष्यं मला विचार करण्यासारखी वाटतात. बायकांच्या हातात ते झाड म्हणजे पोराबाळांच्या ताटातली भाजी. बाजारात गेलं की तेच पुरुषांच्या 'ताकदीची' पूड होतं आणि रंगीत डब्यांतून विकलं जातं. भाजीला पान लागतं, पुडीला मूळ लागतं. पान काढलं तर झाड राहतं. मूळ काढलं तर झाड संपतं.

म्हणून टिश्यू कल्चर हवं, असं कंपनी म्हणते. यात खोटं काही नाही. मुसळीचं बी फार कमी उगवतं. कंदांच्या डोक्यावरचे डोळे वेगळे करून लागवड करता येते, पण एकाचे अनेक व्हायला वर्षं लागतात. उदयपूरच्या संशोधकांनी १९९४ साली तिची टिश्यू कल्चरची पद्धत प्रसिद्ध केली, म्हणजे यात गुपित असंही काही उरलेलं नाही. रोपं बरणीत वाढली तर डोंगर खणावा लागणार नाही. मग हरकत कशाला?

त्यासाठी आधी हे काम काय असतं ते पाहू. टिश्यू कल्चर, मराठीत ऊतिसंवर्धन, हा शब्द जितका जड तितकं ते काम जड नाही. जिनं वर्षभर लोणचं नासू न देता ठेवलं आहे तिला त्याचं अर्धं मर्म ठाऊक आहे. झाडाचा बारीकसा जिवंत तुकडा घ्यायचा. मुसळीचा घ्यायचा तर कंदाच्या डोक्यावरचा कोंब. तो धुवायचा, त्यावरचे जंतू आणि बुरशी मारायला मर्क्युरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात काही मिनिटं बुडवायचा, पुन्हा निर्जंतुक पाण्यानं धुवायचा. मग बरणीतल्या आगरच्या जेलीवर ठेवायचा. जेलीत क्षार, जीवनसत्त्वं, साखर आणि वाढीची संप्रेरकं असतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी १९६२ साली बसवलेली कृती आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. साखर असल्यामुळे ती जेली म्हणजे बुरशीला मेजवानीच, म्हणून सगळं सामान ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंश सेल्सियसला वाफवून घ्यायचं आणि पुढचं काम गाळलेल्या हवेच्या झोतासमोर बसून करायचं. एक संप्रेरक जास्त घातलं की कोंबाला कोंब फुटत जातात, दुसरं वाढवलं की मुळं धरतात. चार-सहा आठवड्यांनी गुच्छ सोडवून नव्या बरण्या भरायच्या. एकाचे चार, चाराचे सोळा. शेवटी रोपं बाहेर काढून सावलीत, धुक्यासारख्या फवाऱ्याखाली, हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावायची. ही पायरी चुकली तर आधीची सगळी मेहनत वाया. बरणीतल्या दमट हवेत वाढलेलं रोप बाळंतिणीच्या खोलीतल्या तान्ह्या मुलासारखं असतं, वारा लागला की मान टाकतं.

या शास्त्रात बायकांचा हात पहिल्यापासून आहे, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं, कारण पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा यांनी सतीशचंद्र माहेश्वरी यांच्याबरोबर १९६४ साली धोतऱ्याच्या परागकोशांतून बरणीत रोपं उगवून दाखवली. जगात ते पहिल्यांदा घडत होतं. इथे पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, १९७८ साली हळदीची झपाट्यानं रोपं करण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, त्या निबंधावर पहिलं नाव रजनी नाडगौडा यांचं आहे. पुढे १९९० साली नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हस यांनी बांबूला बरणीतच फुलं आणली. ज्या बांबूला फुलायला कित्येक वर्षं लागतात तो काही आठवड्यांत फुलला, आणि 'नेचर' या नियतकालिकानं ते छापलं. याच प्रयोगशाळेत जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं देशातल्या पहिल्या दोन टिश्यू कल्चर पथदर्शी केंद्रांपैकी एक उभं राहिलं. लोणावळ्याहून लोकलनं शिवाजीनगरला उतरलं की पाषाण काही फार दूर नाही. म्हणजे हे ज्ञान मावळाच्या उशाशी आहे आणि सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं आहे.

आपल्या काही मैत्रिणींना बरणी, जेली, संप्रेरकं हे सगळंच निसर्गावर आक्रमण वाटतं. शिबिरांत हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. बाई म्हणजे निसर्ग, विज्ञान म्हणजे पुरुष, असं एक समीकरण त्यामागे असतं. मला ते पटत नाही. बाईला निसर्गाच्या खात्यात टाकलं की तिच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायची गरजच उरत नाही. चिमणी घरटं बांधते तसं ते 'आपसूक' होतं. त्या म्हातारीचं 'मुळी नाय उपटायची' हे आपसूक आलेलं नाही. ते पाहून, मोजून, उपास काढून शिकलेलं आहे. माझं भांडण बरणीशी नाही, बरणीवर कुणाचं नाव चिकटवलं जातं त्याच्याशी आहे.

आणि प्रत्येक झाडाला बरणी हवीच असंही नाही. गुळवेलीचं कांड कुंपणात खोचलं तरी ती झाडावर चढते. अडुळसा आणि निर्गुडी फांदीनं लागतात, कोरफड पिलांनी वाढते, शतावरी बियांनी येते. कुणी गुळवेलीची टिश्यू कल्चर रोपं विकायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं. खरी गरज असते ती ज्यांचं बी नीट रुजत नाही, ज्यांची वाढ सावकाश आहे किंवा ज्यांचे शेवटचे काही ताटवेच कड्यांवर उरलेत अशा झाडांना. आपल्या सह्याद्रीतल्या खरपुड्या घ्या. सेरोपेजिया प्रजातीतली ही कंदवर्गीय झाडं, त्यांचे कंद खाल्ले जातात, आणि यातल्या कित्येक जाती आता क्वचितच दिसतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जातींची रोपं वाढवून ती पुन्हा रानात लावली. हे काम मला मोलाचं वाटतं, कारण त्यात रोप परत डोंगरावर गेलं.

दुसरं उदाहरण नरक्याचं. घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानात वाढणारं, फुलांना दुर्गंध येणारं हे लहानसं झाड. आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं कर्करोगविरोधी द्रव्य शोधलं. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं. त्यापासून बनवलेलं टोपोटेकन १९९६ साली अमेरिकेत बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं, आणि २००६ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठीही. म्हणजे ज्या आजारांनी आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका निदानाशिवाय मरतात त्यांवरचं औषध आपल्याच डोंगरात उभं होतं. दक्षिणेकडच्या घाटांत हे झाड किलोच्या भावानं तोडलं गेलं, खोडासकट, मुळासकट. तोडणाऱ्याला मजुरी मिळाली, पोलीस आणि वनखात्याच्या केसेसही त्याच्याच वाट्याला आल्या. मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्रात फुलझेले आणि सातदिवे यांनी २००३ साली नरक्याची रोपं बरणीत तयार करून दाखवली. अशा झाडासाठी टिश्यू कल्चरला विरोध करणं म्हणजे करंटेपणा होईल.

आता मुसळीकडे परत येते, कारण तिथे एक घाव अजून ताजा आहे. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत महाराष्ट्रात सफेद मुसळीची लाट आली होती. 'पांढरं सोनं' म्हणून मेळावे भरले. बेण्याचे भाव आभाळाला भिडले, शेतकऱ्यांनी कर्ज काढून बेणं घेतलं. सुरुवातीला जो तो दुसऱ्याला बेणंच विकत होता, आणि ते जोवर विकलं जात होतं तोवर सगळ्यांना फायदा दिसत होता. मुळी बाजारात न्यायची वेळ आली तेव्हा भाव कोसळले. या धंद्यात पैसा रोपात असतो, पिकात नसतो, हे त्या वेळी ज्यांना कळलं ते सुटले. कंपनीच्या कागदात रोपाचा दर आकड्यांत आहे आणि मुळीचा 'बाजारभावाप्रमाणे' आहे. एवढं वाचलं तरी सचिवबाईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर प्रयोगशाळेच्या आत आहे. मी जिथे काम करत होते तिथे हवेच्या झोतासमोर बसून कोंब कापणाऱ्या आम्ही सगळ्या बायका होतो, एकही पुरुष नाही. साहेब म्हणायचे, बायकांची बोटं नाजूक असतात, त्यांना चिकाटी असते. चिकाटीचा अर्थ आम्हाला लवकरच कळला. आत जाताना चपला, कपडे बदलायचे, केस बांधायचे, तोंडाला फडकं, बांगड्या काढायच्या. एकदा बसलं की बोलायचं नाही, कारण श्वासातून जंतू जातात. लघवीला उठायचं तर पुन्हा सगळे कपडे बदलावे लागायचे आणि तेवढ्यात दहा बरण्या मागे पडायच्या, म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. मूत्रमार्गाचा त्रास नाही अशी मुलगी शोधून सापडली नसती. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. समोर स्पिरिटचा दिवा, हातात चिमटा आणि ब्लेड, दिवसाच्या बरण्या मोजलेल्या. बरणीत बुरशी आली की जिची बरणी तिच्या पगारातून कापून घ्यायचे. बुरशी कधी हवा गाळणारी जाळी जुनी झाल्यामुळे यायची, कधी वीज जाऊन खोली तापल्यामुळे, पण जाळीचा पगार थोडाच कापता येतो! खोली निर्जंतुक करायला फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र करून धूर करत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायचं. फॉर्मल्डिहाइडनं माणसाला कर्करोग होतो असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली दिला. हजेरीपत्रकावर आमची नोंद 'नर्सरी मजूर' अशी होती. आणि बाहेर पाहुणे आले की त्यांना काचेतून आम्हाला दाखवत, पांढऱ्या कपड्यांतल्या रांगा, किती स्वच्छ, किती शिस्तीत.

सगळ्या प्रयोगशाळा अशाच असतात असं मी म्हणत नाही. पण टिश्यू कल्चर म्हणजे खेड्यातल्या बायकांना रोजगार, असं भाषणात ऐकलं की मला ती खोली आठवते. मावळातल्या बायकांना हे काही नवं नाही. तळेगावच्या फुलांच्या एमआयडीसीत आणि पवन मावळातल्या पॉलिहाउसांत त्या गुलाब आणि जरबेरा खुडतातच. जरबेऱ्याची रोपं टिश्यू कल्चरचीच असतात. फेब्रुवारीत जगभरच्या प्रेमिकांसाठी गुलाब खुडणाऱ्या बाईला त्या महिन्यात घरी वेळेवर जायला मिळतं का, हे कुणी विचारावं.

म्हणजे डोंगरावर बाई, बरणीशी बाई, वाफ्यात बाई. मध्ये कुठेतरी रोपाचा मालक होतो आणि तो मात्र भलताच कुणी असतो. हे कायद्यानं कसं घडतं ते आपण समजून घेतलं पाहिजे; मला स्वतःला ते उशिरा कळलं.

२००२ चा जैवविविधता कायदा सांगतो की जैविक साधनसंपत्तीचा व्यापारी वापर करणाऱ्यानं नफ्यातला हिस्सा ती राखणाऱ्या लोकांना द्यायचा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी, आणि २००४ च्या नियमांनी तिच्यात एक तृतीयांश बायका ठेवल्या. समितीनं लोकांशी बोलून नोंदवही करायची : कोणती झाडं, कुठे, त्यांचा उपयोग कोण कसा करतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि देशभर या वह्या घाईघाईत भरल्या गेल्या. त्या वाडीच्या पंचायतीची वही मी पाहिली. आंबा, जांभूळ, तुळस, कडुनिंब. फोडशी नाही. वही भरायला आलेला माणूस पंचायतीच्या ओट्यावरून परत गेला होता, वाडीवर चढलाच नव्हता.

भारतीय कंपन्यांनीही हा हिस्सा दिला पाहिजे असं उत्तराखंड उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात स्पष्ट केलं. आपल्याला वाटलं, चला, एक दार उघडलं. मग २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. तिनं दोन मोठ्या सवलती दिल्या. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना हिश्शाच्या नियमांतून वगळलं, आणि ग्रंथांत लिहिलेल्या पारंपरिक ज्ञानालाही वगळलं.

आता हे बरणीशी जोडून पाहा. डोंगरातला कंद एकदा बरणीत गेला की त्याची सगळी पिलं 'लागवडीची'. हिस्सा द्यायचा प्रश्न मिटला. पहिला कंद कुठून आला हे विचारायची सोय राहते ती फक्त समितीच्या दाखल्यात, कारण माल लागवडीचा असल्याचा दाखला समितीनंच द्यायचा असतो. आणि ज्ञानाचं म्हणाल तर पेच आणखी गमतीचा आहे. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेनं १९९५ साली पेटंट दिलं होतं. आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं ते १९९७ साली रद्द करून घेतलं, ते जुनी लिखित प्रमाणं दाखवून. लिहिलेलं होतं म्हणून जिंकलो. आता जे लिहिलेलं आहे त्यावर हिस्सा नाही, आणि जे लिहिलेलं नाही, जे त्या म्हातारीच्या तोंडात आहे, ते सिद्ध करता येत नाही. ग्रंथ लिहिले ते कुणी, आणि कुणाला लिहू दिले नाहीत, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

कागदावर हिस्सा लिहिला तर काय होतं याचं एक जुनं उदाहरण आहे. केरळातल्या काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा नावाचं झाड शास्त्रज्ञांना दाखवलं. पालोडे इथल्या वनस्पती उद्यानानं त्यापासून 'जीवनी' हे औषध बनवलं आणि १९९५ साली एका औषध कंपनीला १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वधनावर परवाना दिला. त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं आणि त्यासाठी १९९७ साली विश्वस्त संस्था झाली. पुढे भांडणं झाली, वनखात्यानं लागवडीत अडथळे आणले, सगळं गोड झालं असं नाही. पण आधी ठरलं होतं म्हणून भांडायला काही होतं.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री सांगावी लागली, आणि ती सांगताना वाईट वाटलं. राखीव जंगलातून कंद काढणं हा गुन्हा आहे. कंपनीनं कंद 'गटानं आणून द्यावेत' असं लिहिलंय त्याचं कारण हे आहे. पकडली गेली तर बाई जाईल, कंपनी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं औषधी वनस्पती गौण वनोपजात धरल्या आहेत आणि त्यांवर गावाची मालकी मानली आहे, जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावरचा हक्कही मानला आहे. पेसा मावळाला लागू नाही, तो आपल्या जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या काही भागापुरता. पण वनहक्क कायदा मावळाला लागू आहे. वाडीनं सामूहिक दावा मात्र केलेला नाही. तो आधी करायचा, मग मुसळी. गावकीतले पुरुष म्हणतील, दाव्यात काय ठेवलंय, जमीन विकायला काढू. द्रुतगती मार्ग झाल्यापासून मावळात ज्या वेगानं डोंगर बंगल्यांना गेले ते आपण पाहतोच. सातबाऱ्यावर नाव नसल्यानं बाईला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

रात्री उशिरापर्यंत बसून आम्ही कागद पुन्हा लिहिला. सचिवबाई लिहीत होती, बाकीच्या सांगत होत्या. कंद कंपनीनं परवानगी काढून, समितीच्या ठरावानं घ्यायचे, आणि ते एका नाही तर पाच-सहा वेगवेगळ्या डोंगरांवरचे, कारण एकाच कंदाची सगळी रोपं सारखी निघतात आणि एक रोग आला की सगळी एकदम जातात. हे वाक्य माझं. ज्यांच्यापासून तुकडे घेतले ती मूळ झाडं वाडीच्या जागेत लावायची आणि ती गटाची राहतील. नर्सऱ्यांत अशा झाडाला मातृरोप म्हणतात. हा शब्द ऐकून बायका हसल्या होत्या, म्हणाल्या, आई आमची आन बारसं त्यांच्याकडं? रोपांतली ठरावीक रोपं फुकट परत, डोंगरावर लावायला. मुळीचा किमान भाव आकड्यांत. दाखला देण्याआधी समितीच्या बैठकीत गटाच्या दोघी असतील. आणि रोपांना हवेची सवय लावायचं काम वाडीवरच, सावलीच्या जाळीखाली, ठरलेल्या मजुरीवर. ते काम मावळाच्या दमट हवेत चांगलं होईल असं मला वाटतं.

एकीनं विचारलं, हे बरणीचं आपल्यालाच नाही का करता येणार? प्रश्न वेडगळ नाही. आगरच्या जागी साबुदाणा आणि इसबगोल वापरून, घरातली साखर आणि प्रेशर कुकर वापरून टिश्यू कल्चर करण्याचे प्रयोग झालेले आहेत. स्वच्छ हवेचा झोत आणि न जाणारी वीज हे दोन प्रश्न उरतात. शिरोटा आणि वळवणच्या पाण्यावर शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या चालल्या, त्याच डोंगराच्या कुशीत आज पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. पुण्यातल्या सार्वजनिक प्रयोगशाळांनी तालुक्याला एक अशी खोली दिली, गटांनी कोंब न्यायचा आणि रोपं आणायची, सेवेचं शुल्क द्यायचं, मालकी नाही, तर हे होऊ शकतं. दळणाच्या गिरणीत आपण गहू नेतो, पीठ आणतो. गिरणीवाला शेत मागत नाही. आपल्या संघटनांनी ही मागणी घेऊन पाषाणला, विद्यापीठात आणि वडगाव मावळच्या तहसीलदारांकडे जायला हवं असं माझं मत आहे. इतर जिल्ह्यांतल्या गटांचा अनुभव वेगळा असेल तर जरूर कळवा.

कंपनीला कागद पाठवून आता बरेच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या एका गावात त्यांची गाडी दिसली असं ऐकते. दरम्यान गटानं स्वतःची वही सुरू केली आहे. झाडाचं नाव, कुठे, कधी, काय काढायचं आणि काय ठेवायचं, आणि शेवटच्या रकान्यात कुणी सांगितलं तिचं नाव. यंदा मृग लागला की टेकडीवरची फोडशी मोजायची ठरली आहे. ज्या गटांना यायचं असेल त्यांनी कांदे आणि हरभऱ्याची डाळ घेऊन यावं, भाजी तिथे आहे.